पथ्य, घास आणि पंगत : जोडीदाराच्या कर्करोगातील घरगुती जीवनाचे साहित्य व चित्रपटातील चित्रण

प्रस्तावना

आजारपणाविषयीच्या मराठी लेखनाचा विचार करताना आपली समीक्षा प्रायः दोन टोकांपाशी थांबते. पहिले टोक निदानाचे आणि दुसरे रोगमुक्तीचे किंवा मृत्यूचे. या दोन टोकांच्या मधला काळ अनेक महिन्यांचा, कधी वर्षांचा असतो. त्या काळात घरात रोज दोन वेळा स्वयंपाक होतो, ताटे मांडली जातात, कोणी वाढते, कोणी अर्धे जेवून ताट बाजूला सारते आणि उरलेल्या अन्नाकडे पाहत घरातील दुसरे माणूस आपला घास कसाबसा गिळते. आजार भोगणाऱ्या जोडप्याचे खरे सहजीवन या मधल्या काळात आणि बहुतांशी या ताटाभोवतीच घडत असते. तरीही समीक्षेने या ताटाकडे फारसे लक्ष दिलेले नाही. स्वयंपाकघर हा साहित्यविचाराचा विषय नव्हे, अशी आपली एक अव्यक्त समजूत त्यामागे असावी.

प्रस्तुत लेखात जोडीदाराच्या दीर्घ आजारपणातील, विशेषतः कर्करोगाच्या उपचारकाळातील, दैनंदिन जीवन आणि सहभोजन यांचे चित्रण काही निवडक कलाकृतींच्या आधारे तपासण्याचा प्रयत्न केला आहे. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक व अनिल अवचट यांचे आत्मपर लेखन, आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्याभोवतीचे लेखन आणि 'द लंचबॉक्स' हा २०१३ सालचा चित्रपट यांचा त्यासाठी आधार घेतला आहे. यांतील सर्वच कृती कर्करोगाविषयी नाहीत, ही मर्यादा प्रारंभीच मान्य केली पाहिजे. परंतु जोडीदार आजारी असताना घरातील जेवणाचे काय होते, या प्रश्नाची आपल्याकडील परंपरा समजून घेतल्याशिवाय कर्करोगाने त्यात काय बदल घडविला हे कळणार नाही. या सर्व कृतींना येथे तीन प्रश्न विचारले आहेत. स्वयंपाक कोण करतो? कोण कोणाबरोबर जेवतो? आणि 'नको' म्हणण्याचा अधिकार कोणाला असतो?

या प्रश्नांमागे प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव आहे, हे लपविण्यात अर्थ नाही. पत्नीच्या कर्करोगावरील उपचारांच्या काळात हे प्रश्न पुस्तकातून नव्हे, तर स्वयंपाकघरातून समोर आले. समीक्षकाने आपला अनुभव दूर ठेवावा हा संकेत योग्यच आहे. मात्र ज्या ठिकाणी अनुभवामुळे वाचन बदलले, तेवढ्या ठिकाणी त्याचा उल्लेख करणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

रूपक आणि रसद

सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ मध्ये 'इलनेस ॲज मेटाफर' हा प्रबंधवजा ग्रंथ लिहिला. क्षय आणि कर्करोग या दोन रोगांभोवती समाजाने रूपकांचे जे जाळे विणले, त्याची चिकित्सा तिने त्यात केली आहे. क्षयाला एकोणिसाव्या शतकाने हळवेपणाचे आणि प्रतिभेचे वलय दिले. कर्करोगाच्या वाट्याला मात्र युद्धाची भाषा आली. आक्रमण, शत्रुपेशी, मारा, प्रतिकार हे सारे शब्द रणभूमीचे आहेत. सोंटॅग स्वतः स्तनाच्या कर्करोगातून गेली होती, तरी या ग्रंथात तिने आपल्या आजाराविषयी लिहिले नाही. रोगाला रोग म्हणूनच पाहावे, हा तिचा आग्रह होता. तिच्यानंतर दोनच वर्षांनी, १९८० मध्ये, ऑड्री लॉर्ड या कवयित्रीने 'द कॅन्सर जर्नल्स'मध्ये नेमकी उलट वाट धरली आणि स्वतःचे शरीर, भय व मैत्रिणींचा आधार यांनाच लेखनाचा विषय केले. या दोन ग्रंथांच्या दरम्यान आजारपणाच्या साहित्याचा सारा प्रदेश पसरलेला आहे, असे म्हणता येईल.

मराठीतही युद्धाची भाषा पूर्णपणे रुजली आहे. वृत्तपत्रांतील लेखांत रुग्ण 'झुंज देतो', कर्करोगावर 'मात करतो' किंवा त्याची झुंज 'अपयशी ठरते'. या रूपकाचा जेवणावर होणारा परिणाम मात्र सोंटॅगच्या विवेचनात फारसा आलेला नाही आणि तो आपल्या घरांत सर्वांत ठळक दिसतो. रुग्णाला योद्धा मानले की अन्नाची रसद होते. मग ताटातील भात हा भात राहत नाही. तो रक्तातील पेशी वाढविणारा पुरवठा होतो. 'खाल्लं नाहीस तर अंगात बळ कुठून येणार?' या वाक्यात प्रेम आहेच. पण सैनिकाला मोर्चावर पाठविणाऱ्या सेनापतीचा सूरही आहे. रुग्णाने घास नाकारला की तो चवीचा प्रश्न उरत नाही, शिस्तभंग ठरतो. रूपके केवळ पुस्तकात राहत नाहीत, ती पानात वाढली जातात.

पथ्याची परंपरा

'पथ्य' हा शब्द मूळ संस्कृत. 'पथ' म्हणजे मार्ग. मार्गाला धरून असलेले, हितकर ते पथ्य. मराठीत त्याला 'पाणी' जोडून 'पथ्यपाणी' हा जोडशब्द झाला आणि त्याबरोबर ते करणारी व्यक्तीही गृहीत धरली गेली. ती व्यक्ती घरातील स्त्री होय. नवऱ्याचे पथ्यपाणी पाहणे हा पत्नीच्या कर्तव्याचा इतका स्वाभाविक भाग मानला गेला की, त्याची नोंद घेण्याची गरजच कोणाला वाटली नाही.

या दृष्टीने रमाबाई रानडे यांचे 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) हे पुस्तक महत्त्वाचे आहे. न्यायमूर्ती रानडे यांचे निधन १६ जानेवारी १९०१ रोजी झाले आणि त्यानंतर जवळजवळ दशकाने हे पुस्तक प्रसिद्ध झाले. एका मोठ्या पुरुषाचे सार्वजनिक कार्य सांगण्यासाठी लिहिलेल्या या पुस्तकात घरातील दिनक्रम, जेवणखाण आणि आजारपण यांना मोठी जागा आहे. न्यायमूर्तींचा आहारातील संयम, त्यांच्या प्रकृतीचे चढउतार आणि अखेरच्या काळातील काळजी रमाबाई बारकाईने टिपतात. हे टिपणे केवळ भक्तिभावाचे नाही. पतीच्या ताटाकडे पाहून त्याची प्रकृती ओळखण्याची जी विद्या त्या काळातील स्त्रीला अवगत होती, तिचे ते लिखित रूप आहे. वैद्य नाडी पाहतो, पत्नी पान पाहते. परंतु या पाहण्यात पत्नीचे स्वतःचे पान कोठेच दिसत नाही. पतीचे जेवण झाल्यावर पत्नीने जेवावे, किंबहुना त्याच्याच पानावर जेवावे, ही त्या काळची रूढ रीत. अशा व्यवस्थेत पतीने कमी खाल्ले तर पत्नीच्या घशाखाली अन्न कसे उतरत असेल, याची नोंद कोण घेणार? पुस्तकाच्या नावातील 'आमच्या' हा शब्द सहजीवनाचा आहे. सहभोजनाचा मात्र नाही.

याच्या उलट स्थिती आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात दिसते. तेथे आजारी होती ती पत्नी. फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये एम.डी. झालेल्या आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने येथील अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली होती. आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, अर्थात आपल्या सर्वांचे 'सीपीआर', ते हेच. आनंदीबाई त्या पदावर कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. क्षयाने खंगलेल्या अवस्थेत त्या नोव्हेंबर १८८६ मध्ये मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. परदेशी जाण्यापूर्वी १८८३ मध्ये सेरामपूर येथे केलेल्या भाषणात त्यांनी आपण हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे जाहीर केले होते. आहार आणि पोशाख यांबाबतचा हा निश्चय त्यांनी अतिथंड प्रदेशात पाळला.

आनंदीबाईंचे चरित्र काशीबाई कानिटकर यांनी लिहिले, पुढे श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही कादंबरी १९६८ मध्ये आली आणि २०१९ मध्ये समीर विद्वांस यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. या कथेवरील चर्चा बहुधा गोपाळरावांच्या ध्यासाभोवती आणि दुराग्रहाभोवती फिरते. मात्र समीक्षेने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा होता. पत्नीने काय शिकावे हे ठरविणाऱ्या पतीला तिने काय खाल्ले हे ठाऊक होते काय? हजारो मैलांवर एकटीने आपला शाकाहार सांभाळणाऱ्या त्या मुलीच्या ताटात रोज काय होते, हा प्रश्न तिच्या पदवीइतकाच तिच्या चरित्राचा भाग आहे. पती आजारी असेल तर पथ्याची व्यवस्था घरात तयारच असते. पत्नी आजारी पडली की व्यवस्था करणारी व्यक्तीच अंथरुणाला खिळते. आजारपणातील हे लिंगभावाचे अंतर आजही मिटलेले नाही.

पत्नी आजारी असते तेव्हा : अनिल अवचट

या पार्श्वभूमीवर अनिल अवचट यांच्या लेखनाचे वेगळेपण लक्षात येते. अनिल अवचट आणि डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट हे दोघेही पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी वैद्यकी सोडून लेखन आणि पत्रकारिता स्वीकारली. त्या मनोविकारतज्ज्ञ म्हणून नोकरी करीत राहिल्या. अवचटांच्या 'गर्द' या लेखमालेतून व्यसनाधीनतेचा प्रश्न समाजापुढे आला आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची धुरा सुनंदाबाईंनी वाहिली. त्यांना स्तनाचा कर्करोग झाला. आजारातही त्या केंद्राचे काम करीत राहिल्या आणि १९९७ मध्ये त्यांचे निधन झाले. 'मुक्तांगणची गोष्ट' आणि 'सुनंदाला आठवताना' या पुस्तकांतून अवचटांनी हा कालखंड व ही व्यक्ती वाचकांपुढे ठेवली आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी अवचटही गेले.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या दांपत्याच्या घरातील श्रमविभागणी सर्वांत महत्त्वाची आहे. 'स्वतःविषयी' या पुस्तकाच्या वाचकांना ती परिचित आहे. पत्नी नोकरीवर जाते, पती घरी असतो, दोन मुलींना सांभाळतो, घरकाम व स्वयंपाक करतो; आणि हे सारे तो त्याग म्हणून नव्हे, तर ओरिगामी किंवा लाकूड कोरण्याइतक्याच कुतूहलाने करतो. त्यामुळे पत्नी आजारी पडल्यावर पुरुषाने प्रथमच स्वयंपाकघरात पाऊल टाकले, हा भाबडा चमत्कार येथे घडत नाही. आजारपणाने निर्माण केलेल्या जबाबदारीची पूर्वतयारी निरोगी काळातच झालेली असते. अवचटांची साधी, बोलण्याच्या लयीतील, छोट्या वाक्यांची भाषा या जीवनाला अनुरूप आहे. ती युद्धाची रूपके उभी करीत नाही. आजारी माणूस त्यात योद्धा होत नाही; काम करणारा, हसणारा, थकणारा माणूसच राहतो. सोंटॅगने जी अपेक्षा सैद्धांतिक पातळीवर मांडली, ती मराठीत एका पत्रकाराने घरगुती भाषेत बऱ्याच अंशी पूर्ण केली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

तथापि दोन मर्यादांचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. पहिली मर्यादा वाचकांची आहे. पुरुषाने केलेला स्वयंपाक आपल्याला लिहिण्याजोगा आणि वाचण्याजोगा वाटतो; तोच स्वयंपाक आयुष्यभर करणाऱ्या असंख्य स्त्रियांच्या हातून आजारी पतीची जी सेवा घडली, तिचे पुस्तक झाले नाही. अवचटांचे कौतुक करताना हे भान सुटता कामा नये. दुसरी मर्यादा स्मरणलेखनाच्या प्रकृतीची आहे. 'आठवताना' हे क्रियारूपच सांगते की, येथे बोलणारा मागे उरलेला आहे. आजारी व्यक्तीला त्या दिवसांत घासाची चव कशी लागली, हे मागे उरलेला माणूस सांगू शकत नाही. त्यासाठी रुग्णाचाच आवाज हवा. मूत्रपिंडाच्या आजाराच्या संदर्भात पद्मजा फाटक यांच्या 'हसरी किडनी'ने तो आवाज मराठीला दिला. या दोन प्रकारच्या लेखनांची सांगड घालून वाचन केल्यास चित्र पूर्णतेकडे जाते.

भुकेची कबुली : 'द लंचबॉक्स'

रितेश बत्रा दिग्दर्शित 'द लंचबॉक्स' हा चित्रपट मुंबईच्या डबेवाल्यांच्या हातून चुकून बदललेल्या डब्याची आणि त्यातून जुळलेल्या पत्रमैत्रीची गोष्ट म्हणून ओळखला जातो. इला आणि साजन फर्नांडिस यांच्या या गोष्टीच्या कडेला मात्र आजारी जोडीदारांची दोन घरे आहेत आणि समीक्षेचे लक्ष त्यांच्याकडे पुरेसे गेलेले नाही.

पहिले घर इलाच्या वरच्या मजल्यावरील देशपांडे काकूंचे. त्या पडद्यावर कधीच दिसत नाहीत. भारती आचरेकर यांचा केवळ आवाज ऐकू येतो. त्यांचे पती वर्षानुवर्षे अंथरुणावर निश्चल असून छताच्या पंख्याकडे पाहत पडलेले आहेत. पंखा थांबला तर तेही थांबतील, या भयाने काकू तो थांबू देत नाहीत. याच काकू दोरीला बांधलेल्या टोपलीतून इलाला मसाला धाडतात आणि भाजीला काय कमी आहे हे वासावरून सांगतात. ज्या घरात पती जेवू शकत नाही, त्या घरातील पाककौशल्य खिडकीवाटे दुसऱ्या घरात उतरते. दृष्टीआड असलेल्या शुश्रूषेचे याहून नेमके चित्र क्वचितच आढळेल.

दुसरे घर इलाच्या आईवडिलांचे. वडिलांना फुफ्फुसाचा कर्करोग आहे. औषधांच्या खर्चाने घर मेटाकुटीस आले आहे. वडिलांचे निधन होते आणि त्या दिवशी आई (लिलेट दुबे) मुलीला एक विलक्षण गोष्ट सांगते. पती गेल्यावर आपले काय होईल याची तिला सतत चिंता होती, पण आता तिला केवळ भूक लागली आहे. तिला पराठे खावेसे वाटतात. प्रारंभी प्रेम होते, पुढे कित्येक वर्षे पतीविषयी किळसच वाटत आली. न्याहारी, औषध, अंघोळ, पुन्हा तोच क्रम.

आपल्या परंपरेत अशा वाक्याला जागा नाही. पतीचे प्रेत घरात असताना पत्नीने भूक लागल्याचे सांगणे हा आपल्याला निर्दयपणा वाटतो. वास्तविक पाहता ही निर्दयता नसून उपासमारीची कबुली आहे. रमाबाईंच्या पुस्तकात जे पान दिसत नाही, ते पान शतकानंतर या बाईने मागितले आहे. आजारी माणसाला भरविताना भरविणाऱ्याची भूक कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. ती भूक मरत नाही, फक्त थांबते. चित्रपटाने या स्त्रीला दोषी ठरविलेले नाही आणि तिचे समर्थनही केलेले नाही. कॅमेरा तिच्यासमोर शांतपणे थांबतो. शुश्रूषेतील थकवा, चीड आणि किळस यांची वाच्यता झाल्याशिवाय शुश्रूषेतील प्रेमाविषयीचे आपले लेखन खरे ठरणार नाही, हा या प्रसंगाचा समीक्षेसाठी अर्थ आहे.

वेगळे ताट

दुसरा प्रश्न कोण कोणाबरोबर जेवतो, हा. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'च्या वाचकांना आठवेल की, ना. वा. टिळक यांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तेव्हा आरंभी त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. पतीपत्नींत प्रेम होते, घर एक होते, चुली मात्र दोन. पुढे लक्ष्मीबाईंनी हा भेद स्वतःच्या विचाराने टाकून दिला. दोन धर्मांत विभागलेले सहजीवन एका पंगतीला येईपर्यंतचा तो प्रवास आहे.

कर्करोगाच्या घरात एक नवे सोवळे येते. रसायनोपचाराने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, जंतुसंसर्गाची भीती वाढते आणि डॉक्टर स्वच्छतेची ताकीद देतात. घर या ताकिदीचा अर्थ आपल्या परंपरेनुसार लावते. प्रस्तुत लेखकाच्या घरी आईने सुनेसाठी वेगळे ताट, वेगळी वाटी आणि वेगळे फुलपात्र काढले. भांडी उकळत्या पाण्यातून काढायची, तिला आधी वाढायचे, तिच्या खोलीत वाढायचे, हा आईचा नेम. त्यामागे केवळ माया होती. पण जेवणाच्या वेळी खोलीत एकटीने बसणाऱ्या व्यक्तीला त्या मायेचा अर्थ निराळा लागतो. तिसऱ्या उपचारानंतर एका संध्याकाळी पत्नीने ते ताट स्वतः उचलून मांडणीवर इतर ताटांत ठेवले आणि म्हणाली, 'आई, ताट कुठलंही द्या, पण तुमच्याबरोबर वाढा.' आईने काही न बोलता चौथा पाट मांडला.

वैद्यकाच्या बाजूने पाहता पत्नीचे म्हणणे रास्त होते. कर्करोग एकत्र जेवल्याने पसरत नाही. अशा रुग्णांना कच्चे अन्न पूर्णपणे वर्ज्य करण्याच्या पद्धतीची अनेक चाचण्यांतून तपासणी झाली असून, नेहमीचे स्वच्छ शिजविलेले व धुतलेले अन्न घेणाऱ्यांपेक्षा त्या रुग्णांत संसर्ग कमी झाल्याचे स्पष्टपणे आढळलेले नाही. हात स्वच्छ असावेत, अन्न ताजे असावे, सर्दी-तापाच्या माणसाने दूर राहावे, एवढे पथ्य खरे. त्यापलीकडचे वेगळे ताट हे विज्ञानापेक्षा आपल्या जुन्या सवयीचे अपत्य आहे.

कोल्हापूरकराला या सवयीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नसावी. याच नगरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात सर्वांदेखत चहा घेतला आणि एका कपाने अस्पृश्यतेच्या रूढीला जे उत्तर दिले, ते आजही स्मरणात आहे. भांडे वेगळे करणे म्हणजे माणूस वेगळा करणे, हे आपला सामाजिक इतिहास सांगतो. तेव्हा कर्करोगाच्या रुग्णासाठी घरात वेगळे ताट निघते, त्या वेळी ते ताट आपल्यासोबत कोणता इतिहास घेऊन येते, याची जाणीव ठेवावी लागेल.

'नको' म्हणण्याचा अधिकार

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. आपल्याकडे आग्रह हा आतिथ्याचा प्राण. कोल्हापुरात तर वाढप्याने हात आखडता घेतला, तर तो यजमानाचा अपमान. अशा संस्कृतीत 'नको' या शब्दाला कोणी खरा मानत नाही. ते आणखी एकदा वाढण्याचे निमंत्रण समजले जाते. रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णाच्या तोंडी मात्र 'नको' हे वाक्य पूर्ण असते. तोंडात व्रण असतात, अन्नाला धातूसारखी चव येते, फोडणीच्या वासाने उमाळा येतो. कालपर्यंत आवडणारा पदार्थ आज सोसवत नाही.

या संदर्भात १९७८ मध्ये, म्हणजे सोंटॅगचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, आयलीन बर्नस्टाइन या मानसशास्त्रज्ञ स्त्रीने प्रसिद्ध केलेले संशोधन उद्बोधक आहे. रसायनोपचारापूर्वी काही मुलांना एका विशिष्ट स्वादाचे आइस्क्रीम देण्यात आले. पुढे त्या मुलांना त्याच आइस्क्रीमचा तिटकारा आल्याचे दिसून आले. मळमळ औषधाने होते, परंतु शरीर दोष अन्नाला देते. आजार अन्नाच्या आठवणीही बदलून टाकतो.

हे संशोधन प्रस्तुत लेखकाच्या वाचनात उशिरा आले. दुसऱ्या उपचाराच्या आदल्या रविवारी पत्नीच्या आवडीचा पांढरा रस्सा मुद्दाम घरी करविला होता. नारळाचे दूध, खसखस, काजू, सारे काही नेमके साधले होते. तिने आनंदाने दोन वाट्या घेतल्या. सोमवारी सकाळी उरलेलाच गरम करून घेऊन आम्ही रुग्णालयात गेलो. त्यानंतरच्या उलट्यांचे तीन दिवस तिच्या जिभेने त्या रश्शाच्या नावावर जमा केले. आता उपचार संपून वर्ष होत आले, तरी तो वास तिला चालत नाही. लग्नानंतरच्या सात वर्षांचे रविवार त्या एका वाटीत बुडाले. आग्रहाने वाढलेले प्रेमही अशा रीतीने हिरावून नेऊ शकते. प्रिय पदार्थ उपचाराच्या दिवशी देऊ नये, हा साधा सल्ला कोणी वेळीच दिला असता तर बरे झाले असते. आणि या लेखाच्या निमित्ताने तो इतरांना देता येतो, एवढेच त्यातील समाधान.

त्यानंतरच्या उपचारांत घरात एक नवा प्रघात पडला. ज्या दिवशी अन्न नकोसे होई, त्या दिवशी ती म्हणे, 'आज काही विचारू नका. तुम्ही जेवा, मी बसते.' आणि रिकामे ताट समोर घेऊन ती आमच्यात बसे. प्रारंभी तिच्यासमोर जेवणे अपराधासारखे वाटे. मग लक्षात आले की, आपण उपाशी उठलो तर तिच्या नकाराचा भार तिच्यावरच पडतो. आपण पोटभर जेवणे हीच तिच्या 'नको'ला दिलेली मान्यता होती. सहभोजनात सर्वांनी खाल्लेच पाहिजे असे नाही. सर्वांनी बसले पाहिजे. हे उमगल्यावर 'द लंचबॉक्स'मधील आईच्या भुकेचा अर्थही अधिक स्पष्ट झाला. तिच्या घरात दोघांचे बसणे कधीच संपले होते. उरले होते ते केवळ भरविणे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

१. कर्करोगाविषयीच्या लेखनातील युद्धाच्या रूपकाचा परिणाम घरातील आहारव्यवहारावर होतो. त्यामुळे अन्नाची रसद होते आणि रुग्णाचा नकार हा दोष ठरतो. समीक्षेने या रूपकाची चिकित्सा स्वयंपाकघरापर्यंत नेली पाहिजे.

२. पतीच्या आजारातील पत्नीची शुश्रूषा स्वाभाविक मानली गेल्याने तिचे स्वतंत्र लेखन कमी झाले. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत ती शुश्रूषा दिसते, परंतु शुश्रूषा करणारीचे पान दिसत नाही. अनिल अवचट यांचे लेखन या परंपरेला छेद देते. तथापि पुरुषाच्या गृहकृत्याला मिळणाऱ्या विशेष मोलाचे भान वाचकाने ठेवावे.

३. शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा, चीड आणि भूक हे साहित्याचे वैध विषय आहेत. 'द लंचबॉक्स'मधील आईची कबुली या दृष्टीने मोलाची ठरते.

४. आजारी व्यक्तीचे वेगळे ताट हे बहुधा वैद्यकीय गरजेपेक्षा सांस्कृतिक सवयीतून येते. स्वच्छता राखून एका पंगतीत बसणे शक्य आहे आणि आवश्यकही.

पथ्य हे शरीरासाठी असते, घास हा मायेचा असतो आणि पंगत ही समानतेची असते. आजारपणात पहिल्या दोहोंची आपण पुष्कळ काळजी घेतो, तिसरी मात्र नकळत मोडतो. आपल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या किती विद्यार्थ्यांच्या घरी या क्षणी एखादे ताट आतल्या खोलीत वेगळे नेले जात असेल, हे आपल्याला ठाऊक नसते. मिरजेच्या किंवा परळच्या रुग्णालयात आईला घेऊन गेलेला विद्यार्थी वर्गात गैरहजर लागतो आणि आपण हजेरीपटावर केवळ एक खूण करतो. आजारपणाचे साहित्य शिकविताना निदान आणि मृत्यू यांच्या मधल्या त्या महिन्यांकडे आपण वर्गात लक्ष वेधले, तर त्या विद्यार्थ्याला आपल्या घरातील ताटाविषयी बोलता येईल. प्रस्तुत लेखाची अपेक्षा एवढीच आहे.